मेहेंदळ्यांचा गुडघा

दत्तप्रसाद मेहेंदळे यांना सायकल येत नव्हती. माणूस पुण्याचा, त्यातही सदाशिव पेठेतला, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. सायकल तोल कशी सांभाळते याचं गणित फळ्यावर मांडून दाखवील. पण चालवता येत नव्हती ती नव्हतीच. सगळं पुणं सायकलवर चालायचं त्या काळात ही गोष्ट लपवणं सोपं नव्हतं. मेहेंदळ्यांना जमलं, कारण त्यांना एक चुलतभाऊ होता.

चुलतभावाकडे सायकल होती आणि मेहेंदळ्यांकडे मागे बसण्याची कला. शाळा, कॉलेज, नाटक, तालीम, सगळीकडे ते डबलसीट गेले. आता डबलसीट बसणं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. आधी बूड टेकून मग 'चल' म्हणणारे ते नवशिके. खरा गडी चालवणाऱ्याला पुढे जाऊ देतो, चार पावलं पळतो आणि कॅरिअरवर एका अंगाने असा टेकतो की चालवणाऱ्याला कळूसुद्धा नये. शिवाय पुण्यात डबलसीटला बंदी. चौकात हवालदार दिसला की मागच्याने न सांगता उतरायचं, सदरा झटकायचा, त्या सायकलशी आपलं काही नातंगोतं नाही अशा चेहऱ्याने हवालदारासमोरून चालत जायचं, आणि वळणापलीकडे पुन्हा टेकायचं. मेहेंदळ्यांना उभ्या जन्मात एकदाही दंड झाला नाही. या विद्येची परीक्षा असती तर ते बोर्डात आले असते.

१९७१ साली ते सांगलीला मुलगी बघायला गेले. मुलगी घरात नव्हती. पोहे झाले, चहा झाला, मुलीचे वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उगीचच हसले, आणि तेवढ्यात अंगणात घंटी वाजली. लीना कॉलेजची सायकल शर्यत जिंकून परस्पर घरी आली होती. धावत्या सायकलवरून पायरीपाशी ती अशी उतरली की मेहेंदळ्यांच्या हातातला कप हातातच राहिला. मोठ्या माणसांनी तिला रीतसर भरतकाम विचारलं, पुरणपोळी विचारली. मग कुणीतरी, विचारायची पद्धत म्हणून, तिला काही विचारायचंय का असं म्हणालं.

"सायकल येते ना तुम्हाला?" लीनाने विचारलं.

याआधी बँकेतला एक चांगला मुलगा तिने परत पाठवला होता. लग्नानंतर बायकोने सायकल चालवलेली त्याला चालणार नव्हती. मेहेंदळ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की इथे 'नाही' म्हटलं तर ही मुलगी उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात उतरेल.

"पुण्याचा आहे मी," ते म्हणाले. इथवर खरं होतं. "येते की. रविवारी सिंहगडापर्यंत जातो."

लीनाने दुसरा प्रश्न विचारला नाही.

लग्नानंतर लवकरच त्यांना बहारीनला पंपांच्या कंपनीत नोकरी लागली. तिथे ऑफिसला जायला गाडी, बाजारात जायला गाडी, समोरच्या दुकानातून पाव आणायलाही लोक गाडी काढत. मेहेंदळे निश्चिंत झाले. पण पहिल्याच हिवाळ्यात, हवा जरा बरी झाल्यावर, लीना म्हणाली, दोन सायकली घेऊ या, शुक्रवारी समुद्राच्या कडेने जाऊ. त्या संध्याकाळी मेहेंदळ्यांचा गुडघा दुखायला लागला.

तो पुढे दुखतच राहिला. हवेत गारवा आला की डावा दुखे, सायकलचा विषय निघाला की उजवा. लीनाने मग विषय काढणं सोडलं. स्वतःसाठीही सायकल घेतली नाही. "तुम्ही गुडघा धरून बसणार आणि मी मिरवणार, बरं नाही वाटत ते," म्हणाली, आणि तिळाचं तेल गरम करून घेऊन आली. मेहेंदळे तेल चोळून घेत. दर वेळी त्यांना वाटे, आता सांगून टाकू. मग तेल गार होई आणि राहून जाई. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, खरोखर वाटत होती, आणि ती दर हिवाळ्यात थोडी वाढत होती. पण खोटं जुनं झालं की त्याला घरातल्या माणसाचा मान येतो, त्याला एकाएकी बाहेर कसं काढणार?

अशी बरीच वर्षं गेली. १९८३ च्या जानेवारीत मनामामध्ये मराठी मंडळाची बैठक भरली. मंडळाची वार्षिक सहल दर वर्षी झल्लाकच्या किनाऱ्यावर जायची. तिथे लोक मसालेभात खाऊन वाळूत झोपायचे आणि उठून घरी यायचे. सेक्रेटरी हेमचंद्र प्रधान हे एका बँकेत होते आणि त्यांना सुधारणेची हौस होती.

"या वर्षी सायकल सहल," प्रधान म्हणाले. "मुहर्रकहून निघायचं, समुद्राच्या कडेकडेने पोर्तुगीज किल्ल्यापर्यंत. वाटेत अरादचा किल्ला, बाब अल-बहारीनची कमान. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, माहिती ऐकायची, संक्रांतीचा तिळगूळ वाटायचा. सगळ्यांत पुढे मेहेंदळे. माहितीही तेच सांगतील. पुण्याचे आहेत, आणखी काय पाहिजे?"

कुणाला आणखी काही नको होतं. मेहेंदळ्यांनी हात गुडघ्याकडे नेला.

"माझा हा गुडघा…" ते म्हणाले.

"कधीपासूनचं दुखणं आहे?" ऑलिव्ह तुस्कानोने विचारलं. ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि मंडळातली सगळी दुखणी तिच्याकडेच जायची. "जुनं असेल तर सायकलसारखा दुसरा व्यायाम नाही, मेहेंदळेसाहेब. आमचे डॉक्टर पेशंटला सांगून सायकल करायला लावतात. आणि तुम्हाला तर येतेच."

मेहेंदळ्यांनी लीनाकडे पाहिलं. लीनाचा चेहरा सांगलीच्या अंगणात होता तसा झाला होता. इतक्या वर्षांत तो तसा झाला नव्हता, आणि आपल्यामुळेच झाला नव्हता, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते ऑलिव्हच्या नवऱ्याला, व्हॅलेरियन तुस्कानोला, मीना सलमान बंदरात जाऊन भेटले. व्हॅलेरियन तिथल्या एका गोदामाचा स्टोअरकीपर होता. वसईचा माणूस, शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, आणि तरीही मंडळात कुणी ना कुणी त्याला दर वर्षी म्हणे, "अहो, तुम्ही मराठी छान बोलता." म्हणणाऱ्यांत मेहेंदळेही होते. शिवाय त्यांच्या प्रत्येक भाषणात चिमाजी अप्पा शेवटी वसईचा किल्ला घ्यायचेच, आणि 'आपण वसई घेतली' असं म्हणताना मेहेंदळे का कोण जाणे व्हॅलेरियनकडे बघायचे. अशा माणसाकडे आता मदत मागायची होती.

"ऑलिव्हला तेवढं सांगा की गुडघ्याला सायकल वाईट असते," मेहेंदळे म्हणाले.

"ऑलिव्ह एकदा बोलली की खलास," व्हॅलेरियन म्हणाला. "पोप आला तरी ती शब्द फिरवणार नाय. पण गुडघ्याला झालंय काय?"

मेहेंदळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गोदामात पेट्यांखेरीज कुणी नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, सगळं, चुलतभावापासून तेलापर्यंत. व्हॅलेरियन हसला नाही. त्याने फक्त खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

"वसई घेतलीत म्हणता," तो म्हणाला, "आणि सायकल नाय येत?"

"नाही येत."

"मग शिकायची. शुक्रवारी गोदाम बंद असतं. आम्ही चर्चला मिसाला जायच्या आधी या. माझी सायकल आहे."

पुढचे काही शुक्रवार लीनाला सांगितलं, पंपाचं तातडीचं काम आहे. गोदामामागच्या मोकळ्या अंगणात मेहेंदळे भल्या सकाळी पडू लागले. पडताना ते तोलाचं शास्त्र समजावून सांगत. चाक फिरत असताना ते आपली दिशा सोडायला तयार नसतं, वगैरे. व्हॅलेरियन कॅरिअर धरून मागे पळे.

"साहेब, शास्त्र चाकाला माहीत आहे," तो म्हणे. "तुम्ही नुसतं पुढे बघा. यल्ला, पॅडल!"

तिसऱ्या शुक्रवारी कॅरिअर सोडलेलं मेहेंदळ्यांना कळलं नाही आणि ते एकटे अंगणाच्या टोकापर्यंत गेले. चढणं-उतरणं मात्र काही केल्या जमेना. गोदामाला माल उतरवायचा ओटा होता. त्या ओट्यावर एक पाय ठेवून ते सुरुवात करत, अंगणाला वळसा घालत, आणि परत त्याच ओट्याला पाय लावून थांबत. ओटा त्यांच्या पायाच्या मापाचा होता.

"रस्त्यात ओटा नसेल तर?" व्हॅलेरियनने विचारलं.

"बघू," मेहेंदळे म्हणाले. इंजिनिअर माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, हिशेब संपलेला आहे.

सहलीचा शुक्रवार उजाडला. मुहर्रकच्या जुन्या बाजारात हमीदचं सायकलचं दुकान होतं. प्रधानांनी त्याच्याकडून सगळ्यांसाठी काळ्या चिनी सायकली भाड्याने ठरवल्या होत्या, आणि लीनासाठी एक लेडीज सायकल. हमीदने एकेक सायकल बाहेर काढून स्वतः ब्रेक दाबून दाखवले. "ब्रेक फर्स्ट क्लास," तो प्रत्येकाला म्हणाला. देवाच्या दयेने दुकानाला पायरी होती. मेहेंदळ्यांनी पायरीवर पाय ठेवला, मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं आणि निघाले. मागून लीना, मागून व्हॅलेरियन, मागून मंडळ. प्रधान चहाचे थर्मास, मसालेभाताची पातेली आणि तिळगुळाचे डबे घेऊन गाडीने पुढे गेले.

अरादच्या किल्ल्याशी पहिला थांबा होता. खाडीच्या कडेला तो बुटका, मातीच्या रंगाचा किल्ला दिसायला लागला, तशी मागची मंडळी सायकली हळू करू लागली. मेहेंदळे ओटा शोधत होते. तिथे किल्ला होता, समुद्र होता, उलट्या घातलेल्या होड्या होत्या, ओटा नव्हता.

"अरादचा किल्ला!" मेहेंदळे पुढे बघत ओरडले. "जुना आहे! पाहून घ्या!" आणि किल्ल्याच्या समोरून निघून गेले.

मागच्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग पॅडल मारली. पुढारी थांबत नाही म्हटल्यावर थांबायचं कसं? मुहर्रक आणि मनामा जोडणारा समुद्रातला पूल आला. दोन्ही बाजूंना पाणी, लांबवर लाकडी होड्या, आणि इतकं स्वच्छ ऊन की डोळे बारीक करावेत. लीना वेग वाढवून त्यांच्या शेजारी आली. तिच्या ओढणीचं टोक तिने कमरेला खोचलं होतं. मेहेंदळ्यांना मान वळवता येत नव्हती, तोल गेला असता. पण तिची घंटी ऐकू येत होती. ती विनाकारण वाजवत होती.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

"उत्तम," मेहेंदळे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्याबद्दल खरं बोलल्यावर त्यांना फार बरं वाटलं. तो पूल संपेपर्यंत ते सुखी होते. पूल संपूच नये, असं त्यांना शेजारच्या घंटीमुळेही वाटत होतं आणि पुढच्या थांब्यामुळेही.

मनामाच्या किनाऱ्यावर प्रधान चहा मांडून उभे होते. रस्त्याच्या कडेला फूटपाथ होता, नेमका हव्या त्या उंचीचा, पण त्याला चिकटून टॅक्स्या उभ्या होत्या, एकीला एक लागून. मेहेंदळे प्रधानांच्या अंगावरून गेले. प्रधानांनी थर्मास उंच करून हलवला.

"मेहेंदळे, चहा!"

"नंतर! बाब अल-बहारीन, डावीकडे! कमान बघा!"

कमान मागे पडली. मंडळात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, ही पुणेरी शिस्त. कुणी म्हणालं, दुपारी एक ते चार यांना झोपायचं असतं म्हणून ही घाई. तिळगूळ डब्यात, चहा थर्मासात आणि मंडळ घामात, अशी ती सहल पश्चिमेकडे निघाली. समोरून शमाल, तिकडचा वायव्येचा वारा, सुटला होता. खजुराच्या बागा आल्या, करबाबादचं गाव आलं. तिथे दारात बसून झावळ्यांच्या टोपल्या विणणारे म्हातारे विणायचे थांबून ही वरात बघत राहिले. त्यांच्या दारांना ओटे होते, पण ओट्यांवर म्हातारे होते.

मग रस्ता संपला. पुढे कच्ची वाट, आणि वाटेच्या टोकाला उंचवट्यावर पोर्तुगीज किल्ला. किल्ल्याच्या आसपास उत्खनन चालू होतं, त्यातून काढलेल्या मातीचे ढीग बाजूला घातले होते. मेहेंदळ्यांनी ब्रेक दाबून पाय टेकावा असा विचार केला. पायाने तो ऐकला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्यांत मऊ दिसलेल्या ढिगात सायकल घातली. पुढच्या चाकाचा आठ झाला.

मंडळ धावलं. मेहेंदळे कमरेपर्यंत मातीत बसले होते, चष्मा नाकावर, चेहरा शांत.

"ब्रेक गेला," व्हॅलेरियन सगळ्यांच्या आधी म्हणाला. "अरादपासून गेलेला. मी मागून बघत होतो. तरी साहेबांनी इथपर्यंत आणली."

लोकांचा रागच गेला. बिनब्रेकची सायकल मनामाच्या रहदारीतून काढली, याला म्हणतात पुणेकर, असं कुणीतरी म्हणालं. ऑलिव्हने गुडघे दाबून पाहिले आणि दोन्ही ठणठणीत असल्याचं सांगितलं. लीनाने सायकल उचलून उभी केली. पुढचा ब्रेक दाबला, मागचा दाबला, आणि ती झाडाला टेकवून ठेवली.

तिळगूळ वाटून झाला, पातेली रिकामी झाली आणि मेहेंदळ्यांचं भाषण झालं. त्या वर्षी भाषणात चिमाजी अप्पा आले नाहीत. पोर्तुगीज इथे कसे आले, कसे गेले, एवढं सांगून मेहेंदळे व्हॅलेरियनकडे बघत जरा घुटमळले, म्हणाले, "वसईच्या किल्ल्याबद्दल तुस्कानो सांगतील, गाव त्यांचं आहे," आणि खाली बसले. व्हॅलेरियन बोलला, आणि बराच वेळ बोलला. मराठी छान बोलता, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

परत निघताना प्रश्न आला. प्रधानांच्या गाडीत पातेली होती, वाकडी सायकल होती, आणि पोटऱ्या धरून बसलेली मंडळाची दोन माणसं होती. मेहेंदळ्यांना जागा नव्हती.

"मी आणते यांना," लीना म्हणाली. "वारा पाठीवर आहे. बसा."

"तू हो पुढे," मेहेंदळे म्हणाले.

लीना निघाली. मेहेंदळे चार पावलं पळाले आणि टेकले. थोडं पुढे गेल्यावर लीनाने विचारलं, "येताय ना?"

"मागेच आहे," मेहेंदळे तिच्या पाठीमागून म्हणाले.

वाऱ्याने सायकल पुढे ढकलली. मेहेंदळ्यांचा सगळ्या दिवसाचा ताण उतरला. पाय एका अंगाला सोडून, हात मांडीवर ठेवून ते समुद्र बघत होते. सकाळी जे काही मागे पडलं होतं ते आता नीट दिसत होतं. वळणावर लीना जिकडे कलेल त्याच्या किंचित आधी ते कलत होते. इतकं घरी आल्यासारखं त्यांना बहारीनमध्ये कधी वाटलं नव्हतं.

मनामाच्या अलीकडे एक गोल चौक होता आणि चौकात पोलिसाची जीप उभी होती. बहारीनमध्ये डबलसीटला कुणी हटकतं की नाही हे मेहेंदळ्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारही केला नाही. विचार करायची गरजच पडली नाही. ते उतरले, शर्ट झटकला, पोलिसासमोरून एकट्या माणसासारखे समुद्राकडे बघत चालत गेले, आणि चौकापलीकडे चार पावलं पळून पुन्हा टेकले.

लीना तशीच थोडी पुढे गेली. मग तिने ब्रेक दाबला आणि पाय टेकला. मेहेंदळेही अलगद उतरून उभे राहिले. मंडळी घंट्या वाजवत पुढे निघून गेली. व्हॅलेरियनने जाताना एकदा वळून पाहिलं आणि तोही गेला.

"अहो," लीना म्हणाली, "मी मघाशी चौकात मागे बघितलं. तुम्ही नव्हता."

"पोलीस होता."

"उतरलात कधी, बसलात कधी, मला कळलंच नाही."

"कळू द्यायचं नसतं," मेहेंदळे म्हणाले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

लीनाने हँडल घट्ट धरलं होतं. समुद्राला ओहोटी होती, चिखलात पक्षी चरत होते.

"ब्रेक चांगला होता सायकलचा," ती म्हणाली. "मी दाबून बघितला."

मेहेंदळ्यांनी चष्मा काढून पुसला.

"गुडघा कोणता हो?"

"कुठलाच नाही," मेहेंदळे म्हणाले.

लीना रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मेहेंदळ्यांना वाटलं.

"मी एकच प्रश्न विचारला होता तुम्हाला," ती म्हणाली. "पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एकच."

"हो."

"बाबांनी कळवलं होतं, तुझी सायकल अंगणात गंजतेय, विकू का. मी म्हटलं, विका. म्हटलं, यांच्या गुडघ्यासमोर कशाला मिरवायची. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

हे मेहेंदळ्यांना माहीत नव्हतं. आपल्या एका थापेची किंमत आपण भरतोय असं ते इतकी वर्षं समजत होते. ती दुसऱ्याच कुणीतरी भरून टाकली होती. त्यांना बोलायला शब्द सुचेना, आणि पुण्याच्या माणसावर ही वेळ सहसा येत नाही.

"तू सायकलवरून उतरलीस ना, पायरीपाशी," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा तू विमान चालवता येतं का असं विचारलं असतंस, तरी मी हो म्हणालो असतो."

"आणि ते कुठे पाडलं असतंत?"

मेहेंदळ्यांनी पँटवरची माती झटकली.

"मग सांगायचं नाही का? लग्न झाल्यावर तरी? मी काय टाकून देणार होते तुम्हाला?"

"दर वेळी सांगणार होतो. तू तेल घेऊन यायचीस."

लीना सायकलवर बसली आणि निघून गेली. वारा तिच्या पाठीवर होता, त्यामुळे ती फार लवकर लहान दिसायला लागली. मेहेंदळे तिथेच उभे राहिले. मग चालायला लागले, कारण मुहर्रक त्याच दिशेला होतं आणि घर नावाची जी काही गोष्ट होती तीही. बुटात किल्ल्याची माती होती. आयुष्यभर चौकाचौकात उतरून सायकलशी आपला संबंध नाही असं दाखवणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा खरोखरच संबंध नसल्याची भीती वाटली.

लांबवर ती सायकल वळली. वाऱ्याविरुद्ध, वाकून, लीना परत आली. ती त्यांच्यापाशी थांबली नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना वळसा घालून तिने पुन्हा मुहर्रकच्या दिशेला तोंड केलं आणि त्यांच्या शेजारून पुढे गेली. थांबली नाही, पण पॅडल मारायची थांबली. सायकल नुसती आपली आपण चालत राहिली, हळूहळू.

मेहेंदळे पळाले. चार पावलांत जमलं नाही, या वेळी बरीच लागली. ते टेकले, नेहमीसारखे, हवेसारखे.

"बसलात?" लीनाने पुढे बघत विचारलं.

"बसलो."

"जरा जोरात बसत जा," ती म्हणाली. "मला कळलं पाहिजे."

मेहेंदळ्यांनी अंग सैल सोडलं. सायकल पहिल्यांदाच कचकन हलली, लीनाने ती सावरली आणि पॅडलवर जोर दिला. पूल ओलांडल्यावर ती अरादच्या किल्ल्याकडे वळली आणि म्हणाली, इथे थांबायचंय, सकाळी राहिलं.

"आणि येत्या शुक्रवारी पंपाचं काम काढू नका," ती म्हणाली. "तुम्हाला उतरायला शिकवायचंय."